ओव्याचा वास प्रथिनात कसा बसतो: गंधरेणूंची बांधणी प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ओव्याचे चार दाणे तळहातावर घ्या, अंगठ्याने चुरडा आणि नाकाशी न्या. तो झणका थायमॉलचा. हा रेणू तेलात आणि अल्कोहोलमध्ये सहज मिसळतो, पाण्याशी मात्र त्याचं जमत नाही. आणि नाकाच्या वरच्या भागात, जिथे वास ओळखणाऱ्या पेशी आहेत, तिथे त्यांच्यावर पाणीदार श्लेष्म्याचा थर पसरलेला असतो. तेलकट रेणू त्या थरात शिरतो तेव्हा त्याला तिथे गाठतात ती गंधबंधक प्रथिनं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ओबीपी म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरतो.

हा लेख एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीची सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. एखादा सुगंधी रेणू ओबीपीला चिकटतो का आणि किती घट्ट, हे मोजायचं कसं, ते यात सांगितलं आहे. आकडा काढणं सोपं आहे. तो आकडा खरोखर बांधणीचाच आहे की दुसऱ्याच कशाचा, हे पडताळणं अवघड आहे आणि बहुतेकांचे महिने तिथेच जातात. म्हणून त्या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे.

आधी दोन गोंधळ मिटवू

पहिला गोंधळ नावाचा. १९८१ साली रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांना पॉलिफेमस या मोठ्या पतंगाच्या नराच्या शृंगिकांत, म्हणजे मिशांत, मादीचा गंध बांधणारं प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी इटलीत पाओलो पेलोसी यांच्या गटाला गायीच्या नाकात असंच प्रथिन मिळालं. त्यासाठी त्यांनी ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारा पायराझीन वर्गातला रेणू वापरला होता. दोन्ही प्रथिनांना पुढे एकच नाव पडलं, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. सस्तन प्राण्यांचं ओबीपी लिपोकॅलिन कुळातलं: आठ पट्ट्यांचं पिंप आणि पिंपाच्या पोटात पोकळी. कीटकांचं ओबीपी म्हणजे सहा सर्पिलांची जुडी, जिला बहुधा तीन डायसल्फाइड पूल, म्हणजे गंधकाच्या अणूंचे जोड, आवळून धरतात. म्हणून डुकराच्या प्रथिनावर बसवलेली कृती डासाच्या प्रथिनावर जशीच्या तशी चालेल असं धरून चालू नका.

दुसरा गोंधळ 'ॲरोमॅटिक' या शब्दाचा. अत्तरवाल्यासाठी ॲरोमॅटिक म्हणजे सुवासिक, रसायनशास्त्रात म्हणजे बेंझिनसारखं वलय असलेला. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, जिऱ्यातलं क्युमिनाल्डिहाइड, बडीशेपेतलं ॲनेथोल, व्हॅनिलिन, हे दोन्ही अर्थांनी ॲरोमॅटिक. रोशा गवतातलं जिरॅनिऑल आणि पुदिन्यातलं मेंथॉल सुवासिक खरं, पण त्यांच्यात असं वलय नाही. सस्तनांच्या ओबीपीची पोकळी हा भेद फारसा करत नाही. मधल्या आकाराचा तेलकट रेणू असला की ती बहुतेकांना जागा देते. प्रयोग करणाऱ्याला मात्र हा भेद जपावा लागतो, कारण वलय असलेले रेणू प्रकाश शोषतात आणि आपलं सगळं मोजमाप प्रकाशावर चालतं.

कोणतं प्रथिन घ्यावं

पहिल्यांदा हात बसवायचा असेल तर डुकराचं ओबीपी घ्या. १५७ अमिनो आम्लं, वजन सुमारे १८ किलोडाल्टन, डायसल्फाइड पूल एकच, ट्रिप्टोफॅन हे स्वतः चमकणारं अमिनो आम्लही एकच. उष्णतेला ते दाद देत नाही. सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत त्याची घडी टिकते. शिवाय त्याच्या पोकळीत थायमॉल बसलेलं असतानाची स्फटिकरचना प्रोटीन डेटा बँकेत आहे. म्हणजे आपण ज्याची बांधणी मोजणार, तो रेणू आत कसा बसतो ते संगणकावर डोळ्यांनी बघता येतं. ती रचना आधी उघडाच. पोकळीच्या भिंती जवळजवळ सगळ्या तेलकट अमिनो आम्लांच्या दिसतील. तिथे किल्ली-कुलपासारखी नेमकी जुळणी शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.

जीवाणूत प्रथिन बनवताना सुरुवातीचा संकेत-पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा तुकडा) वगळून जनुक पीईटी या वाहक डीएनएत घाला आणि बीएल२१ (डीई३) या ई. कोलायच्या वाणात वाढवा. जनुक चालू करणारं आयपीटीजी दिल्यावर तापमान ३७ वरून २० अंशांच्या आसपास उतरवलं की प्रथिन विरघळलेलं मिळण्याची शक्यता वाढते. हिस्टिडीनची शेपटी लावली असेल तर निकेल कॉलमनंतर ती कापून टाका. मग आयन-विनिमय कॉलम, आणि जेलवर १८ किलोडाल्टनजवळ एकच स्वच्छ पट्टा.

प्रथिन रिकामं करणं

ही पायरी गाळली जाते आणि मग सगळं बिघडतं. जीवाणूच्या पोटात बनलेलं ओबीपी बहुधा रिकामं राहत नाही. जीवाणूची स्निग्धाम्लं त्याच्या पोकळीत शिरून बसतात आणि शुद्धीकरणाच्या सगळ्या कॉलमांतून त्याच्यासोबतच बाहेर येतात. जेलवर ती दिसत नाहीत. मग तुम्ही गंधरेणू घालता, काहीच घडत नाही, आणि 'हा रेणू बांधला जात नाही' अशी नोंद वहीत होते. खरं तर खोलीत आधीच भाडेकरू असतो.

प्रथिन लिपिडेक्स या तेल ओढून घेणाऱ्या रेझिनच्या कॉलममधून ३७ अंशांवर अगदी संथपणे सोडा. नंतर संहती २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढा; त्यासाठी लागणारा गुणांक प्रथिनाच्या क्रमावरून संगणकावर मिळतो. हा आकडा एकूण प्रथिनाचा असतो. त्यातलं कामाचं किती, ते पुढच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे प्रोब टप्प्याटप्प्याने घालत चमक मोजण्याच्या मालिकेत, कळेल.

गंधद्रव्यांची द्रावणं

बाटल्यांकडे नीट बघा. बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीच्या झाकणाखाली, आट्यांमध्ये, साखरेसारखे बारीक पांढरे कण जमलेले दिसतात. ते बेंझोइक आम्ल. हवेने बेंझाल्डिहाइडचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. नाकाला अजून बदामाचाच वास येतो, म्हणून आपल्याला वाटतं द्रव्य ठीक आहे. अल्डिहाइडं नेहमी ताजी घ्या, छोट्या बाटल्यांत, वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरून ठेवा. थायमॉलचं तसं नाही; ते घट्ट स्फटिकांच्या रूपात मिळतं, सुमारे ५० अंशांवर वितळतं, तोलायला सोपं आणि टिकाऊ. पहिल्या प्रयोगासाठी ते निवडण्याचं हेही एक कारण.

थायमॉलचा रेणुभार १५०.२. म्हणजे १५ मिलिग्रॅम थायमॉल १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलर साठा तयार. त्यातून दहापट सौम्य करून १ मिलिमोलरचा दुसरा साठा करा. दोन्ही मिथेनॉलमध्ये, काचेच्या कुपीत, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाखाली.

काचच का, तेही सांगतो. मी एकदा युजेनॉलची पाण्यातली सौम्य द्रावणं प्लास्टिकच्या नळ्यांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच द्रावणांनी बांधणी आदल्या दिवसापेक्षा कितीतरी कमी दाखवली. प्रथिन बदललं, बफर बदललं, दिवा तपासला. आठवडा गेल्यावर लक्षात आलं की युजेनॉल नळीच्या भिंतीत मुरलं होतं. नळी धुऊन वाळवली तरी तिला लवंगेचा वास येत होता. तेव्हापासून तेलकट रेणूंचं पाण्यातलं द्रावण मी साठवतच नाही. मिथेनॉलमधल्या साठ्यातून काचेच्या सिरिंजने थेट क्युव्हेटमध्ये घालतो.

बफरही विचारपूर्वक निवडा. बरेच जण ट्रिस वापरतात. पण ट्रिसच्या रेणूवर अमिनो गट असतो आणि अल्डिहाइडं त्याच्याशी अभिक्रिया करतात. क्युमिनाल्डिहाइड किंवा बेंझाल्डिहाइड तपासायचं असेल तर २० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, घ्या आणि सगळी मालिका त्यातच करा.

प्रोब चढवणं

थायमॉलची बांधणी थेट दिसत नाही, म्हणून मध्ये एक चमकणारा रेणू, म्हणजे प्रोब, घ्यावा लागतो. डुकराच्या ओबीपीसाठी १-अमिनोअँथ्रासिन चांगलं. पाण्यात तो मंद चमकतो आणि त्याचा उजेड ५३० नॅनोमीटरच्या पलीकडे पडतो. पोकळीत शिरला की चमक कितीतरी वाढते आणि शिखर ४८० नॅनोमीटरच्या आसपास सरकतं. उत्तेजन ३८० नॅनोमीटरला द्या, झिरी ५ नॅनोमीटर, तापमान २५ अंश.

क्युव्हेटमध्ये १ मायक्रोमोलर प्रथिनाचं २ मिलिलिटर द्रावण घ्या. हा आकार हिशेबाला सोयीचा: प्रोबच्या १ मिलिमोलर साठ्याचे २ मायक्रोलिटर घातले की क्युव्हेटमध्ये १ मायक्रोमोलर होतं. सुरुवातीचे बारीक टप्पे दहापट सौम्य साठ्यातून घाला, ०.२५ पासून १० मायक्रोमोलरपर्यंत जा. दर वेळी हलक्या हाताने ढवळा, दोन मिनिटं थांबा, मग मोजा. मोजत नसाल तेव्हा प्रकाशाची झडप बंद ठेवा, नाहीतर प्रोब उजेडानेच जळतो. एकूण मिथेनॉल २ टक्क्यांवर, म्हणजे ४० मायक्रोलिटरवर, जाऊ देऊ नका.

हीच मालिका प्रथिनाशिवाय नुसत्या बफरमध्ये करा आणि ते आकडे वजा करा. राहिलेला वक्र हळूहळू सपाट व्हायला हवा. त्यातून प्रोबचा विघटन स्थिरांक मिळतो, म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारी मोकळ्या प्रोबची संहती; तो जितका लहान तितकी बांधणी घट्ट. या जोडीसाठी तो १ मायक्रोमोलरच्या आसपास येतो. प्रत्येक प्रथिन-रेणूमागे किती जागा आहेत तेही याच वक्रातून कळतं. उत्तर एकाच्या जवळ हवं. ०.४ आलं, तर अर्ध्याहून जास्त प्रथिन एकतर अजून भरलेलं आहे किंवा नीट घडी न पडलेलं. पुढे जाऊ नका, रिकामं करण्याच्या पायरीवर परत या.

शेजारी लायसोझाइमवर, म्हणजे गंध बांधण्याशी संबंध नसलेल्या एका प्रथिनावर, एक मालिका करून ठेवा. तिथे चमक वाढता कामा नये. वाढली, तर प्रोब कुठल्याही प्रथिनाच्या पृष्ठभागावर चिकटतो आहे आणि पोकळीचा त्यात काही संबंध नाही.

थायमॉलने प्रोब हुसकावणं

आता १ मायक्रोमोलर प्रथिन आणि २ मायक्रोमोलर प्रोब एकत्र घ्या. चमक स्थिर झाली की थायमॉल ०.५ मायक्रोमोलरपासून चढवत न्या. थायमॉल पोकळीत शिरतं, प्रोब बाहेर पडतो, चमक उतरते. ज्या संहतीला चमक निम्म्यावर येते, ती टिपा. प्रत्येक रेणूसाठी तीन स्वतंत्र मालिका करा. तीन म्हणजे तीन वेगळ्या दिवशी बनवलेली द्रावणं. एकाच क्युव्हेटचं तीनदा वाचन नव्हे. समांतर क्युव्हेटमध्ये तेवढंच नुसतं मिथेनॉल घालत जा, कारण सौम्य होण्याने आणि मिथेनॉलनेही चमक थोडी उतरते.

चमक उतरली म्हणजे बांधणी झाली का?

नाही. अजून नाही. चमक उतरण्याची दुसरी कारणं एकेक करून बाद करावी लागतात.

सगळ्यांत फसवं कारण म्हणजे गंधरेणूनेच प्रकाश शोषणं. व्हॅनिलिनचं उदाहरण घ्या. त्याचा आम्लता स्थिरांक (पीकेए) ७.४ च्या जवळ आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या बफरमध्ये त्याचे निम्मे रेणू ऋणभारित असतात. हे भारित रूप ३४७ नॅनोमीटरच्या आसपास जोरदार प्रकाश शोषतं. एन-फेनिल-१-नॅफ्थिलअमीन हा दुसरा लोकप्रिय प्रोब ३३७ नॅनोमीटरला उत्तेजित करतात, अगदी त्याच पट्ट्यात. त्याच्यासोबत व्हॅनिलिन मोजलं तर चमक भराभर उतरते, वक्र देखणा येतो, आणि त्यातला किती भाग बांधणीचा हे कुणीच सांगू शकत नाही. उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषण ०.२ असेल तर एकही प्रोब न हलता चमक सुमारे २० टक्क्यांनी खाली येते.

उपाय सोपा आहे. तपासायच्या प्रत्येक रेणूचं सर्वांत जास्त संहतीचं द्रावण आधी साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३०० ते ५५० नॅनोमीटर चालवा. शोषण ०.०५ च्या खाली असेल तर निर्धास्त राहा. त्याच्या वर असेल तर दुरुस्ती करा: उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन तरंगलांबींच्या शोषणांची बेरीज करून निम्मी करा, तो घात दहाला द्या आणि मोजलेल्या चमकेला त्याने गुणा. फार मोठी दुरुस्ती लागत असेल तर प्रोबच बदला. थायमॉलचं शोषण २७५ नॅनोमीटरजवळ असतं आणि ३८० ला ते पारदर्शक असतं, म्हणून इथे ही अडचण येत नाही.

उलटा प्रकारही होतो. जाईच्या गंधात मिथाइल अँथ्रानिलेट असतं आणि ते स्वतःच निळसर चमकतं. प्रोब उतरत असताना ते चढत जातं आणि बेरीज जागच्या जागी राहते. मग बांधणी झालेली असूनही झाली नाही असं वाटतं. प्रथिन न घालता नुसत्या गंधरेणूचा वर्णपट घेतलेला असेल तर हे लगेच उघडं पडतं.

लांब साखळीच्या रेणूंचा धोका आणखी वेगळा. स्निग्धाम्लं किंवा बारा-चौदा कार्बनची अल्कोहोलं जास्त संहतीला एकत्र येऊन गोळे करतात आणि प्रोब त्या तेलकट गोळ्यांत शिरून चमकायला लागतो. खरं तर एन-फेनिल-१-नॅफ्थिलअमीन हे असे गोळे कधी तयार होतात ते ओळखण्यासाठीच वापरलं जातं. म्हणून प्रथिनाशिवायची मालिका प्रत्येक रेणूसाठी करायची, एकदाच करून सगळ्यांना लावायची नाही.

शेवटची शंका अशी, की गंधरेणूने प्रोबला हुसकावण्याऐवजी प्रथिनाची घडीच मोडली असेल. घडी मोडली तरी प्रोब बाहेर पडतोच. वर्तुळ द्विवर्णता, म्हणजे सीडी, वर गंधरेणूसह आणि गंधरेणूशिवाय वर्णपट घ्या. पिंपाचा आकार शाबूत असेल तर दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसतात.

आकडा काढताना

निम्म्या चमकेची संहती म्हणजे बांधणीचा स्थिरांक नव्हे. तिला एक अधिक मोकळ्या प्रोबची संहती भागिले प्रोबचा विघटन स्थिरांक, या संख्येने भागायचं. 'मोकळ्या' हा शब्द महत्त्वाचा. प्रोब २ मायक्रोमोलर घातला, प्रथिन १, आणि प्रोबचा स्थिरांक १ मायक्रोमोलर असेल, तर सुमारे ०.५९ मायक्रोमोलर प्रोब बांधलेला असतो आणि मोकळा १.४१ उरतो. समजा चमक ६ मायक्रोमोलरला निम्मी झाली. मग ६ ला २.४१ ने भागून सुमारे २.५ मायक्रोमोलर मिळतात. घातलेला सगळा प्रोब मोकळाच धरला असता तर भाजक ३ झाला असता आणि उत्तर २ आलं असतं. अनेक प्रबंधांत हीच चूक असते आणि तिने प्रत्येक रेणू आहे त्यापेक्षा घट्ट बांधलेला दिसतो.

दुसऱ्या मार्गाने पडताळणी

एका पद्धतीवर भिस्त ठेवू नका. डुकराच्या ओबीपीतलं एकमेव ट्रिप्टोफॅन पिंपाच्या तळाशी असतं. २९५ नॅनोमीटरला उत्तेजित करून ३४० च्या आसपास त्याची स्वतःची चमक बघता येते. आयसोथर्मल कॅलरीमेट्रीत प्रोब लागतच नाही, बांधणीची उष्णता थेट मोजली जाते. पण तिला प्रथिन आणि गंधरेणू दोन्ही जास्त लागतात, आणि तेलकट रेणू तेवढे पाण्यात मावत नाहीत, ही तिची मर्यादा.

माझा आवडता मार्ग गॅस क्रोमॅटोग्राफीचा. प्रथिन आणि गंधरेणू एकत्र ठेवा, १० किलोडाल्टनच्या गाळणीतून अपकेंद्रित्रावर फिरवा, वर राहिलेलं प्रथिन धुवा, सेंद्रिय द्रावकाने त्यातला गंधरेणू काढा आणि मोजा. गाळणीचा पडदाही तेलकट रेणू धरून ठेवतो, त्यामुळे प्रथिनाशिवायचा प्रयोग शेजारी हवाच.

संगणकावरचं डॉकिंग, म्हणजे रेणू पोकळीत कसा बसेल याचा अंदाज, पडताळणीत धरू नका. तेलकट पोकळीत तेलकट रेणू ठेवला की चांगला गुणांक येतोच. त्यातून प्रयोगासाठी कल्पना सुचू शकते, इतकंच.

बांधणीचा अर्थ काय लावायचा

थायमॉल आत शिरल्यावर डुकराच्या प्रथिनाचा आकार फारसा बदलत नाही. पोकळीतलं पाणी हटतं, आजूबाजूच्या साखळ्या थोड्या सरकतात. कीटकांत चित्र वेगळं असू शकतं. रेशमाच्या पतंगाचं प्रथिन बॉम्बिकॉल या मादीच्या गंधाला उदासीन पीएचला पोटात घेतं. पीएच आम्लाकडे झुकला की प्रथिनाची मोकळी शेपटी सर्पिल होऊन त्याच पोकळीत शिरते आणि बॉम्बिकॉलची जागा घेते. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस गॅम्बिए डासाच्या ओबीपी१ मध्ये डीईईटी हे डास पळवणारं द्रव्य बसलेली रचनाही प्रसिद्ध आहे. याच प्रथिनाला इंडोलही बांधलं जातं. इंडोल विरळ असताना फुलासारखं आणि दाट झालं की विष्ठेसारखं वासतं.

पण बांधणी म्हणजे वास नव्हे. वासाची जाणीव सुरू होते ती पेशीवरच्या ग्राहींपासून, ज्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली आणि ज्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. फळमाशीच्या काही गंधकेसांतून मुबलक असलेली ओबीपी काढून टाकली तरी तिथले चेतापेशी गंधांना प्रतिसाद देत राहिले, असंही दिसलं आहे. त्यामुळे 'हे प्रथिन या गंधाचं वाहक आहे' असं निष्कर्षात लिहू नका. 'प्रयोगनळीत इतक्या मायक्रोमोलरला बांधलं गेलं' एवढंच लिहा. तेवढं खात्रीचं असेल तर ते पुरेसं आहे.

विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या गुलाबी बोंडअळीवर काम करणाऱ्यांना हीच पद्धत कीटकांच्या प्रथिनांवर न्यायची असते. तिच्या मादीचा गंध, म्हणजे गॉसिप्लूर, कामगंध सापळ्यांतून शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात सोळा कार्बनच्या सरळ साखळीची दोन भावंडं असतात आणि वलय कुठेच नाही. तेव्हा प्रकाश शोषणाची काळजी जवळजवळ मिटते आणि गोळे होण्याची वाढते. वरची संहती १० मायक्रोमोलरच्या पलीकडे नेऊ नका. प्रथिनाचे तीन पूल नीट जुळावेत म्हणून साध्या बीएल२१ ऐवजी शफलसारखा, पेशीच्या आतच असे पूल जुळू देणारा वाण घ्या, किंवा संकेत-पेप्टाइड जोडून प्रथिन जीवाणूच्या परिद्रव्यात, म्हणजे त्याच्या दोन आवरणांमधल्या जागेत, सोडा. प्रोब म्हणून एन-फेनिल-१-नॅफ्थिलअमीन. आणि प्रोबचं टायट्रेशन पीएच ७.४ आणि ५ अशा दोन्हींना करून दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढा. शेपटी आत शिरणारं प्रथिन असेल तर ५ चा वक्र खूप खाली राहतो.